लिस्टर आणि पेटर : इंजिन चालत राहिले, मग कंपनी का बसली?

पाटपाणी (प्रश्न)

किर्लोस्कर आणि साताऱ्याचे कूपर यांच्याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. मात्र ज्या ब्रिटिश आराखड्यांवरून आपल्याकडची कितीतरी ऑइल इंजिने घडली, त्या मूळ कारखान्यांविषयी वाचायला फारसे मिळत नाही. माझा प्रश्न अशा दोन कारखान्यांबद्दल आहे. एक ग्लॉस्टरशायरमधील डर्स्ले या लहानशा गावातील लिस्टर आणि दुसरा सॉमरसेटमधील येओव्हिल येथील पेटर. पिठाची गिरणी, उसाचे गुऱ्हाळ, विहिरीवरचा पंप अशा ठिकाणी दोन मोठ्या चाकांचे जे उभे, सावकाश चालणारे इंजिन असे, ते मुळात लिस्टरचे होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ‘एव्ही वन’ नावाचे जे इंजिन असते, त्याचे नाव आणि माप पेटरकडचे आहे.

या दोन कंपन्या 1986 साली एकत्र येऊन लिस्टर पेटर झाली, हे मला ठाऊक आहे. 2014 पर्यंत तिने डर्स्ले सोडलेसुद्धा. तिकडे ही पडझड चालू असताना राजकोटमध्ये लिस्टरच्या त्याच जुन्या आराखड्याची इंजिने बनत आणि परदेशी जात राहिली. जे उत्पादन पन्नास-साठ वर्षे चालते, ज्याचे सुटे भाग मूळ कारखाना नसतानाही मिळतात आणि ज्याला अजून गिऱ्हाईक आहे, ते बनवणारी कंपनी तेवढी का टिकली नाही? कृपया ‘इंग्रज आळसावले’ अशा एका वाक्यात उत्तर देऊ नये. तांत्रिक कारणे वाचायला अधिक आवडतील.

लोखंडी_चाक

प्रश्न चांगला आहे. पडझडीकडे वळण्यापूर्वी लिस्टरची चढती कमान नीट पाहावी लागेल, कारण पुढच्या अडचणींची मुळे मला तिथेच दिसतात.

रॉबर्ट ॲश्टन लिस्टर यांनी 1867 साली वडिलांशी बिनसल्यावर डर्स्लेत स्वतःचा वेगळा धंदा मांडला. सुरुवातीला इंजिनाचा काही संबंध नव्हता, कारखाना शेतीची अवजारे करीत असे. पहिले मोठे यश दुधातून साय वेगळी काढणाऱ्या यंत्राने मिळाले. मिकाएल पेडरसन या डॅनिश कारागिराच्या यंत्राचे हक्क लिस्टरने मिळवले आणि ‘अलेक्झांड्रा’ या नावाने ते विकले. पेडरसन स्वतः डर्स्लेत येऊन राहिला आणि तिथेच त्याने दोरीच्या झोळीसारखी बैठक असलेली आपली विचित्र सायकल बनवली. जुन्या सायकलींचे शौकीन तिच्यासाठी आजही जीव टाकतात. इंजिनाकडे लिस्टर वळले ते 1909 साली, लंडनच्या साउथवेल कंपनीकडून पेट्रोल इंजिनाचे हक्क घेऊन. म्हणजे या घराण्याची ख्याती शोध लावण्याची नव्हती. दुसऱ्याची चांगली वस्तू ओळखायची, ती शेतकऱ्याच्या हाती टिकेल इतकी दणकट करायची आणि मग जगभर विकायची, यात ते तरबेज होते. पुढे जगाने त्यांच्याच इंजिनाच्या नकला केल्या, हे लक्षात घेता हा तपशील मला फार बोलका वाटतो.

1920 च्या दशकात कारभार नातवंडांच्या पिढीकडे आला. त्यांतील पर्सी लिस्टर हा खरा कारखानदार. 1926 साली निघालेले दीड अश्वशक्तीचे ‘डी’ इंजिन जवळपास चार दशके बनत राहिले आणि त्याचे सुमारे अडीच लाख नग विकले गेले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते 1930 च्या सुमारास आलेले ‘सीएस’ डिझेल. ही अक्षरे ‘कोल्ड स्टार्ट’ची, आणि त्या काळी ती नुसती जाहिरात नव्हती. त्याआधीच्या अनेक तेल इंजिनांचा डोक्यावरचा लोखंडी फुगा दिव्याच्या झोताने तापवून लाल करावा लागे, तेव्हा कुठे इंजिन धरे. सीएसला दिवा लागत नसे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरायचा, हँडल मारून चाकांना वेग द्यायचा आणि व्हॉल्व्ह सोडायचा. हेडच्या बाजूला एक छोटे हातचाक असे. ते आवळले की ज्वलनकक्षाचा एक कप्पा बंद होऊन दाब वाढे आणि थंड इंजिन पेट घेई. इंजिन रुळले की हातचाक सैल करून दाब उतरवायचा. एका माणसाने, विजेशिवाय, कडाक्याच्या थंडीत पहाटे सुरू करता येईल असे डिझेल इंजिन म्हणजे त्या काळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय होती.

याच इंजिनावर लिस्टरने ‘स्टार्ट-ओ-मॅटिक’ नावाचा वीजसंच काढला. घरातला एखादा दिवा लावला की बॅटरीच्या जोरावर जनित्रच मोटरसारखे फिरून इंजिनाला चालू करी आणि शेवटचा दिवा मालवला की इंजिन आपोआप बंद होई. वीजवाहिनीपासून दूरच्या बंगल्यांत, मळ्यांवर आणि बेटांवर हे संच वर्षानुवर्षे चालले. 1936 साली स्टॅमफर्डची ब्लॅकस्टोन कंपनीही लिस्टरच्या हाती आली आणि मोठ्या इंजिनांची बाजू भरून निघाली.

घाटमाथा

लोखंडी_चाक यांनी लिस्टरची बाजू सविस्तर मांडली आहे, म्हणून मी पेटरपुरते लिहितो.

पेटरांचे येओव्हिलमध्ये लोखंडी सामानाचे दुकान आणि ओतशाळा होती. त्यांच्या ‘नॉटिलस’ शेगड्या राणी व्हिक्टोरियाच्या वाड्यापर्यंत पोचल्या होत्या. पर्सिव्हल आणि अर्नेस्ट या जुळ्या भावांनी बेंजामिन जेकब्स या इंजिनिअरच्या मदतीने 1895 च्या सुमारास बिनघोड्याची गाडी केली. गाडीचा धंदा काही चालला नाही, पण तिच्यासाठी केलेले इंजिन शेतीकामाला उपयोगी पडले आणि तोच धंदा झाला. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, सरकारला विमाने हवी होती म्हणून याच पेटरांनी येओव्हिलमध्ये वेस्टलँड विमान कारखाना काढला. पुढे हेलिकॉप्टरसाठी गाजलेली वेस्टलँड ती हीच.

थोडे विषयांतर होईल, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. अर्नेस्ट यांचा मुलगा डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर हा विमानांचा आरेखक झाला. कॅनबेरा त्याचे आणि 1965 व 1971 च्या युद्धांत आपल्या हवाई दलाने नावाजलेले नॅटही त्याचेच. विहिरीवरच्या इंजिनाचे आणि नॅटचे आडनाव एकच आहे, ते असे.

विमान आणि इंजिन हे दोन धंदे 1930 च्या दशकात वेगळे झाले. इंजिनाची बाजू ब्रश कंपनीने घेतली, ती येओव्हिलहून लफबरोला गेली आणि युद्धानंतर लंडनजवळच्या स्टेन्सला. लिस्टर एका गावात रुजून राहिले, पेटरचे मात्र बिऱ्हाड पाठीवर होते. एव्ही मालिका या स्टेन्सच्या काळातली. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 80 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 110 मिलिमीटर, मिनिटाला 1500 फेऱ्यांना पाच अश्वशक्ती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली खडकीला ब्रिटिश सहकार्याने उभी राहिली आणि तिच्या एव्ही वनचे आकडे पाहिले तर तेच आहेत. मूळ पेटर एव्ही वनचा आणखी एक लौकिक असा की वंगण तेलाचा दर्जा ठरवण्यासाठी ते प्रमाण इंजिन म्हणून वापरले जाई. ठरावीक तास चालवायचे, मग उघडून पिस्टनवर आणि रिंगांच्या खाचांत किती काजळी धरली आहे ते पाहून तेलाला गुण द्यायचे. तेल कंपन्यांनी ज्याला मापदंड मानले, त्या इंजिनाच्या घडणीत सातत्य किती असेल याची त्यावरून कल्पना यावी.

सौराष्ट्र_मेल

मला उत्तर इतके गुंतागुंतीचे वाटत नाही. राजकोटमधील एका दुकानात बिडाचे ओतकाम, दुसऱ्यात क्रँकशाफ्ट, तिसऱ्यात पिस्टन-लायनर आणि चौथ्यात जुळणी, अशा पद्धतीने तेच इंजिन डर्स्लेच्या कितीतरी कमी भावात तयार होऊ लागल्यावर डर्स्लेचा माल कोण घेणार? आराखडा जुना होता, पेटंट संपलेली होती आणि ज्या आफ्रिकेत व पश्चिम आशियात लिस्टर खपत असे, तिथेच राजकोटचा माल पोचला. अमेरिकेतील हौशी मंडळीही ही इंजिने मागवत होती, पुढे तिकडच्या प्रदूषण नियमांनी ती वाट अडवली. नक्कल स्वस्त असेल तर अस्सल मरते, हा बाजाराचा साधा नियम आहे आणि त्यात राजकोटने काही गैर केले असेही मला वाटत नाही.

लोखंडी_चाक

सौराष्ट्र_मेल यांच्या म्हणण्यातील राजकोटचे वर्णन अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. डर्स्लेने सीएस इंजिन 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बनवले खरे, परंतु तोपर्यंत कंपनीचे पोट त्यावर अवलंबून राहिलेले नव्हते. 1950 च्या दशकापासून तिने हवेवर थंड होणारी, अधिक वेगाची इंजिने बाजारात आणली होती. काँक्रीट मिक्सर, डंपर, वेल्डिंग संच, होड्या यांना ती लागत आणि तोच तिचा मुख्य धंदा होता. राजकोटने नक्कल केली ती प्रामुख्याने जुन्या सीएसची. ज्या दुकानातले गिऱ्हाईक मालकाने आधीच सोडले होते, ते शेजाऱ्याने पळवले म्हणून दुकान बुडाले, असे म्हणता येणार नाही.

सीएस मागे का पडले याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. त्याच्या सहा अश्वशक्तीच्या एका सिलिंडरचा बोअर साडेचार इंच आणि स्ट्रोक साडेपाच इंच, म्हणजे आकारमान सुमारे 1430 घनसेंटिमीटर. फेरे मिनिटाला 650. पेटर एव्ही वनचे आकारमान सुमारे 550 घनसेंटिमीटर आणि फेरे 1500. एकाकडून सहा अश्वशक्ती मिळते आणि दुसऱ्याकडून पाच. जवळपास तेवढ्याच कामासाठी पहिल्यात अडीचपट मोठा सिलिंडर ओतावा लागतो, त्याला साजेशी चाके जोडावी लागतात आणि सगळे मिळून वजन तीनशे किलोंच्या पुढे जाते. इंजिनाच्या किमतीत कच्च्या लोखंडाचा, ओतकामाचा आणि वाहतुकीचा वाटा मोठा असतो. मजुरी महाग होत चाललेल्या देशात असे इंजिन करणे आतबट्ट्याचे होणारच.

याची दुसरी बाजू अशी. सीएसच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे तीन मीटर भरतो, एव्ही वनचा साडेपाच. सिलिंडर आणि रिंगा झिजण्याचा संबंध या वेगाशी आहे. तेलातली घाण, गाळणीकडे दुर्लक्ष, अडाणी हाताळणी हे सगळे सावकाश चालणारे इंजिन सोसून जाते. म्हणून ते पन्नास वर्षे चालते. आणि पन्नास वर्षे चालते म्हणूनच त्या घरी दुसरे इंजिन विकले जात नाही. सुट्या भागांवर कारखान्याने जगावे म्हटले, तर ते भाग राजकोटच नव्हे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एखादा लेथवालाही करून देई. इतक्यापुरता मात्र नकलेचा परिणाम मी मान्य करतो.

खरा मार बसला तो मधल्या पट्ट्यात. जपानच्या यानमारने 1933 साली व्यवहारात वापरता येईल असे लहान डिझेल इंजिन काढले होते. लिस्टरचे सीएस आणि हे इंजिन जवळजवळ समवयस्क. यानमार आणि कुबोटा यांना युद्धानंतर घरच्याच बाजारात लहान लहान भातखाचरांसाठी हलक्या इंजिनांची प्रचंड मागणी मिळाली, त्यांचे नग लाखांत गेले, आणि त्या बळावर त्यांनी पाण्यावर थंड होणारी, दोन-तीन सिलिंडरांची, कमी आवाजाची छोटी डिझेल इंजिने इतक्या सफाईने बनवली की ब्रिटनमधील यंत्र बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या यंत्रांत तीच बसवू लागल्या. लिस्टर पेटरने ‘अल्फा’ मालिका काढून उत्तर दिले. इंजिन वाईट नव्हते, पण ते उशिरा आले आणि जपान्यांच्या संख्येपुढे त्याचा भाव उतरवणे शक्य झाले नाही.

राजकोटचेही पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. बांगलादेशाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस लहान डिझेल इंजिनांच्या आयातीवरील बंधने सैल केली आणि तिथल्या उथळ नलिकाविहिरींवर चिनी हलकी इंजिने आली. आपल्या पूर्वेकडच्या राज्यांतही शेतकरी सायकलवर किंवा हातगाडीवर घालून नेता येणारे चिनी पंप घेऊ लागले. ज्या कारणाने डर्स्लेतले जड इंजिन मागे पडले, त्याच कारणाने त्याची नक्कलही मागे सरकली.

पाटपाणी

सर्वांचे आभार. हिशेबामुळे बराच उलगडा झाला. एक शंका उरते. यानमारला मागणी मिळाली तशी लिस्टरलाही एकेकाळी साऱ्या साम्राज्याची बाजारपेठ मिळालीच होती. मग त्या कमाईतून नवे इंजिन वेळेवर का निघाले नाही? मालकी बदलत गेली याचा यात काही भाग आहे का?

दप्तरदार

मालकीचा भाग मोठा आहे, असे माझे मत आहे. वरच्या चर्चेत तो राहून गेला म्हणून लिहितो.

ब्रश कंपनी 1957 साली हॉकर सिडले या विमान उद्योगातील समूहाने घेतली आणि तिच्याबरोबर पेटर त्यांच्याकडे आली. 1965 साली त्यांनी लिस्टरही घेतली. म्हणजे एकाच मालकाकडे दोन प्रतिस्पर्धी, दोघांची इंजिने एकाच मापाच्या आसपासची, दोघांचे आरेखन विभाग वेगळे, विक्रेते वेगळे, सुट्या भागांची कोठारे वेगळी. शहाणपणाची गोष्ट म्हणजे लगेच दोन्ही एकत्र करून एकच चांगली मालिका उभी करणे. प्रत्यक्षात एकत्रीकरण झाले 1986 साली, म्हणजे एकवीस वर्षांनी. जपानी इंजिने युरोपात पाय रोवत होती ती नेमकी हीच वर्षे. त्या काळात डर्स्ले आणि स्टेन्स एकाच तिजोरीतून पैसे मागत होते आणि त्या तिजोरीवर विमाने, रेल्वे इंजिने, विजेची यंत्रे असे मोठे दावेदार बसले होते. विमानांचा धंदा 1977 साली सरकारने राष्ट्रीयीकरण करून काढून घेतला, तरी लहान डिझेल इंजिन हा समूहाच्या जिव्हाळ्याचा विषय कधीच झाला नाही.

पुढे 1991 साली बीटीआर या समूहाने हॉकर सिडले सुमारे दीड अब्ज पौंडांना घेतली. बीटीआरची ख्याती कंपन्या घेणे, खर्च कापणे आणि नफ्याचे प्रमाण वाढवणे यासाठी होती. दहा वर्षांनी फळ देणाऱ्या नव्या इंजिनात पैसे घालणे हे त्या हिशेबात बसणारे नव्हते. त्यानंतर कंपनी हातोहात फिरली. डर्स्लेतील कारखान्याची विस्तीर्ण जमीन प्रादेशिक विकास संस्थेने घेतली आणि तिच्यावर लिटलकोम नावाची वसाहत उभी राहू लागली. कंपनी स्वतःच्याच जुन्या आवारातील एका कोपऱ्यात आक्रसत गेली. 2013 साली तिचा कारभार प्रशासकांकडे गेला, तो धंदा नव्या मालकांनी उचलला आणि 2014 साली काम ग्लॉस्टरजवळच्या हार्डविकला हलले. ज्या काळात तिची माणसे आणि कारखाना कमी होत होते, त्याच काळात युरोपात आणि अमेरिकेत रस्त्याबाहेरच्या इंजिनांच्या धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. प्रत्येक टप्प्याला इंधनपंप, नोझल, ज्वलनकक्ष नव्याने आखून, तपासून, प्रमाणित करून घ्यावे लागते. हा खर्च वर्षाला काही लाख इंजिने विकणाऱ्याला जाणवत नाही, काही हजार विकणाऱ्याला तो पेलत नाही.

लिस्टर घराण्याच्या हातात कंपनी राहिली असती तर ती वाचली असती का, याबद्दल मला शंका आहे. पण निदान लिस्टर आणि पेटर यांची घरातली शर्यत दोन दशके चालली नसती.

नाना_फिटर

दप्तरदार यांनी तिकडची बाजू लिहिली, मी इकडची लिहितो. माझे आयुष्य सांगली-मिरज पट्ट्यात इंजिने उघडण्यात गेले. सौराष्ट्र_मेल म्हणतात त्याप्रमाणे भाव हे कारण होतेच, पण आमच्याकडे इंजिनाला खरा धक्का दिला तो विजेच्या खांबाने. गावात वीज आली, पाच अश्वशक्तीची मोटर विहिरीवर बसली, आणि क्रूड तेलाचे पिंप वाहून आणण्याचा, हँडल मारण्याचा, गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) लावण्याचा सगळा खटाटोप एका बटणावर आला. इंजिन चांगले की वाईट हा प्रश्नच उरला नाही. पुष्कळ शेतकऱ्यांनी चालू इंजिने भंगारात काढली, आणि त्यांचे मोल बीड म्हणून वजनावर झाले. पुढे भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी ती राखून ठेवली होती, ते पुन्हा फिटर शोधत आले.

डर्स्लेचा माल आणि नकलेचा माल मी दोन्ही उघडला आहे. बाहेरून फरक कळत नाही. क्रँककेस उघडली की कळतो. नकलेच्या इंजिनात आतल्या कोपऱ्यांत ओतकामाची वाळू राहिलेली असे. ती तेलात मिसळली की बेअरिंगे खाऊन टाकते. म्हणून नवे इंजिन आले की आधी ते पूर्ण सोडून, आतून खरवडून, रॉकेलने धुऊन मगच पुन्हा जोडायचे, अशी आमची पद्धत होती. दुसरी गोष्ट चाकांची. चाकांचा तोल बरोबर नसला की इंजिन पायावर उड्या मारते आणि पायाचे बोल्ट ढिले होतात. दोन चाके शाफ्टवरून काढून त्यांची जागा थोडी फिरवून बसवली की पुष्कळदा ते शांत होई. एवढे केले की नकलेचे इंजिनही वर्षानुवर्षे चाले.

पाटपाणी, आपल्या भागात एखादे जुने इंजिन अजून उभे असेल तर पितळी पाटीवर विसंबू नका. जुन्या इंजिनाची पाटी काढून दुसऱ्यावर ठोकलेली मी पाहिली आहे. हेडच्या बाजूचे ते हातचाक आहे का पाहा, क्रँककेसचे झाकण काढून आतले ओतकाम हाताने चाचपून पाहा आणि क्रँकशाफ्टवर काही खुणा आहेत का ते टॉर्च लावून बघा. फोटो येथे टाकलात तर मी सांगू शकेन.